डोंगर जागा होतो तेव्हा…

ज्वालामुखीचं नाव काढलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळेच्या भूगोलातलं चित्र येतं. शंकूसारखा डोंगर, त्याच्या पोटातून वर गेलेली नळी, टोकाशी आगीचा फवारा आणि कडेने ओघळणारा तांबडा लाव्हारस. या लाव्हारसात सापडून माणसं मरत असणार, असं आपण धरून चालतो. पुढे परीक्षा संपते, पुस्तक रद्दीत जातं आणि तो विषयही तिथेच संपतो.

खरं पाहिलं तर लाव्हारस बहुतेक ठिकाणी इतका सावकाश सरकतो, की धडधाकट माणूस चालत बाजूला होऊ शकतो. तो घर गिळतो, शेत गिळतो, रस्ता गिळतो. माणसांचे जीव मात्र बहुधा दुसऱ्याच गोष्टी घेतात. कधी चिखलाचा लोंढा, कधी धगधगत्या राखेचा लोट, तर कधी राखेच्या भाराने खाली आलेलं स्वतःच्याच घराचं छप्पर. डोंगर पेटण्याआधी ही माहिती घरात पोचलेली असणं किंवा नसणं, यावर हजारो संसारांचं काय होणार ते ठरतं. याची दोन उदाहरणं जगाने सहा वर्षांच्या अंतराने पाहिली. एक दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचं, १९८५ सालचं. दुसरं फिलिपाइन्सचं, १९९१ सालचं. या दोहोंच्या मधला दुवा होती एक बाई, पण तिच्याविषयी थोडं पुढे.

कापसाचं गाव

कोलंबियात आर्मेरो नावाचं गाव होतं. गाव कसलं, चांगलं २९ हजार वस्तीचं शहरच. आसपासची जमीन सुपीक. कापूस इतका पिके, की लोक आर्मेरोला ‘पांढरं शहर’ म्हणत. आपल्या वऱ्हाडातल्या एखाद्या कापूसबाजाराच्या गावासारखंच म्हणा ना! चार पैसे हातात खेळत होते, शाळा होत्या, चर्च होतं, इस्पितळ होतं.

गावापासून दूर, पन्नासएक किलोमीटरवर, नेवादो देल रुईस हा ५,३०० मीटरहून उंच बर्फाच्छादित डोंगर. त्याच्या पोटात आग आणि डोक्यावर बर्फ. डोंगर इतका लांब, की आपला आणि त्याचा संबंध काय, असंच गावातल्या कुणालाही वाटावं. पण संबंध होता. त्या डोंगरावरून निघणारी लागुनिया नदी अरुंद घळीतून धावत येऊन नेमकी आर्मेरोपाशी मोकळ्या मैदानात उतरत होती.

१८४५ साली याच नदीतून चिखलाचा प्रचंड लोंढा आला होता आणि सुमारे हजार माणसं दगावली होती. त्याआधी १५९५ सालीही असंच घडलं होतं. पुढे त्या वाळलेल्या चिखलावर माती मुरली, शेती बहरली आणि त्याच जागी आर्मेरो वसलं. ज्या मातीने कापूस दिला, तीच माती डोंगराने एकदा लोटून आणलेली होती. पण एकशे चाळीस वर्षं म्हणजे पाच-सहा पिढ्या. पणजीने पाहिलेलं पणतीला कोण सांगणार?

१९८४ च्या अखेरीस डोंगराने कूस बदलायला सुरुवात केली. बारीकसारीक धक्के बसू लागले, वाफा निघू लागल्या. १९८५ च्या सप्टेंबरात एक लहानसा स्फोट झाला आणि चिखलाचा एक लोट पंचवीसेक किलोमीटर खाली आला. मग शास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांनी ‘धोक्याचा नकाशा’ तयार केला. डोंगर पेटला तर कोणत्या दिशेला काय होईल, हे त्यात रंग भरून दाखवलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नकाशा सरकारच्या हाती आला, वर्तमानपत्रांतही छापला गेला. चिखलाच्या वाटेवर आर्मेरो आहे, हे त्यात स्वच्छ दिसत होतं.

म्हणजे ज्ञान होतं. वेळही होता, चांगला महिनाभर.

ती रात्र

मग झालं काय? नकाशा आला आणि त्यावरून वाद सुरू झाले. लोकांत उगाच घबराट पसरेल, व्यापार बसेल, अशी ओरड झाली. गाव हलवायचं म्हणजे खर्च, आणि डोंगर पेटलाच नाही तर त्या खर्चाचा जाब कोण देणार? एका कचेरीने दुसरीकडे बोट दाखवलं. आर्मेरोचे नगराध्यक्ष रामोन रॉड्रिगेझ हे परोपरीने धोक्याची जाणीव देत होते, पण त्यांच्या शब्दाला वर वजन मिळालं नाही. आणि ज्या घरांतून माणसं बाहेर पडायची, त्या घरांत नकाशाची भाषा कुणी समजावून सांगितली नाही. चिखल म्हणजे किती चिखल, तो किती वेळात येईल, आला तर कोणत्या टेकडीवर पळायचं, एवढं साधं सांगणंसुद्धा झालं नाही.

१३ नोव्हेंबर १९८५. दुपारी तीनच्या सुमारास डोंगरावर स्फोट झाला. संध्याकाळी आर्मेरोत आकाशातून राख पडू लागली. लोक बावरले. रेडिओवरून आणि चर्चच्या कर्ण्यावरून सांगणं झालं, की शांत राहा, घरातच थांबा. काही वेळाने राख थांबली आणि गाव सोडण्याचं घाटत होतं तेही बारगळलं. त्यातच वादळी पाऊस आणि गेलेली वीज. लोकांनी दारं लावून घेतली आणि मुलांना झोपवलं.

रात्री नऊनंतर डोंगराचा मुख्य स्फोट झाला. ज्वालामुखींच्या हिशेबात तो काही फार मोठा नव्हता, मध्यमच म्हणायचा. पण तप्त राख माथ्यावरच्या बर्फावर पडली. त्या बर्फाचा जेमतेम दहावा हिस्सा वितळला असेल, पण तेवढं पाणी पुरलं. पाण्याने वाटेतली माती, दगड, झाडं ओढून घेतली आणि घळीतून उतरता उतरता लोंढा फुगत गेला. ओल्या सिमेंटसारखा दाट, मोठमोठे धोंडे वाहून नेणारा हा चिखल रात्री साडेअकराच्या सुमारास आर्मेरोवर आला. मधे अडीच तास गेले होते. टेकड्या चालत जाण्याच्या अंतरावर होत्या.

आर्मेरोतली वीस हजारांहून अधिक माणसं त्या रात्रीत गेली. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चिंचिना गावाकडे उतरलेल्या लोंढ्याने आणखी सुमारे १,९०० बळी घेतले. एकूण मृत २३ हजारांवर.

तेरा वर्षांची ओमायरा सांचेस हिचं छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. कोसळलेल्या घराखाली पाय अडकलेले, गळ्यापर्यंत गढूळ पाणी, आणि डोळे कॅमेऱ्याकडे लागलेले. मदतीला आलेल्या लोकांशी ती बोलत होती. पण पाणी उपसायला चांगला पंप तिथे वेळेवर पोचला नाही. तीन दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, ती गेली. आई त्या रात्री बोगोटाला होती म्हणून वाचली. फ्रँक फूर्निए यांच्या त्या छायाचित्राला पुढे जागतिक पारितोषिक मिळालं. ओमायराचं नाव जगाला कळलं, तिच्यासारख्या हजारोंची कळली नाहीत.

आणखी एक दुःख आहे, त्याची चर्चा कमी होते. चिखलातून जिवंत निघालेली कितीतरी मुलं त्या गोंधळात आपल्या माणसांपासून तुटली. काही दत्तक दिली गेली, परदेशीही गेली. आपलं लेकरू जिवंत निघालं होतं, कुणीतरी ते पाहिलं होतं, एवढ्या आशेवर कित्येक आयांनी दशकंच्या दशकं शोध चालू ठेवला. ताटातूट झालेल्यांना एकत्र आणण्यासाठी तिथे एक संस्थाही उभी राहिली आणि रक्ताच्या चाचण्यांमधून काही भावंडं एकमेकांना भेटलीही.

आर्मेरो पुन्हा वसलं नाही. बॅरी व्हॉइट या शास्त्रज्ञांनी या घटनेचा बारकाईने अभ्यास केला. यंत्रं चुकली नव्हती, विज्ञान चुकलं नव्हतं, माणसांची दिरंगाई आणि कचेऱ्यांची आखूड नजर नडली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

कातियाबाईंचा सिनेमा

आता त्या बाईविषयी. कातिया क्राफ्ट, फ्रान्सच्या आल्सास भागातल्या. १९४२ चा जन्म. स्ट्रासबूर्गच्या विद्यापीठात विज्ञान शिकल्या. ज्वालामुखींचं वेड लहानपणापासूनचं. तसंच वेड असलेले मोरिस क्राफ्ट भेटले आणि १९७० साली दोघांनी लग्न केलं. आपला संसार ज्वालामुखींच्याच सोबतीने करायचा, असं ठरवून त्यांनी मूल होऊ दिलं नाही. जगात कुठेही डोंगर पेटल्याची बातमी आली की हे जोडपं निघालंच! मोरिस चलच्चित्रण करायचे, कातियाबाई छायाचित्रं काढायच्या, नमुने गोळा करायच्या, नोंदी ठेवायच्या. शेकडो उद्रेक दोघांनी जवळून पाहिले. या कामावर पोट भरायचं म्हणजे व्याख्यानं द्यायची, पुस्तकं लिहायची, चित्रपट विकायचे. २०२२ साली सारा डोसा या दिग्दर्शिकेने ‘फायर ऑफ लव्ह’ हा त्यांच्यावरचा माहितीपट काढला, तो याच साठ्यातून.

आर्मेरोच्या घटनेने दोघंही हादरली. आपण इतकी वर्षं आगीची नयनरम्य चित्रं काढली, पण डोंगराखाली राहणाऱ्या माणसाच्या कामाला ती आली का? मग ज्वालामुखी अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सांगण्यावरून त्यांनी एक छोटा माहितीपट तयार करायला घेतला. त्याचं नावच होतं ‘ज्वालामुखींचे धोके समजून घेताना’. त्यात आकडेवारी थोडी आणि दृश्यं पुष्कळ. तप्त राखेचा लोट उतारावरून किती वेगाने येतो, चिखलाचा लोंढा पूल कसा उचलून नेतो, राखेने छप्पर कसं वाकतं आणि नंतर गावाचं काय उरतं, हे सगळं डोळ्यांना दिसेल असं. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळावं, हीच त्यामागची तळमळ.

३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उनझेन ज्वालामुखीपाशी कातिया आणि मोरिस दोघंही तप्त राखेच्या लोटात सापडले. त्या दिवशी तिथे ४३ माणसं दगावली. ज्या धोक्यापासून लोकांना सावध करण्यासाठी सिनेमा काढला, त्यानेच दोघांना नेलं. पण सिनेमाची कच्ची प्रत त्याआधीच फिलिपाइन्सला पोचली होती.

पिनाटुबो: पुढच्याला ठेच, मागचा शहाणा

फिलिपाइन्सच्या लुझोन बेटावरचा पिनाटुबो हा डोंगर जवळजवळ पाचशे वर्षं निजलेला. माथ्यापर्यंत हिरवंगार रान. उतारांवर आएता नावाचे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आपला देव आपो नामाल्यारी या डोंगरात वस्ती करून आहे, अशी त्यांची श्रद्धा. १९९१ च्या एप्रिलमध्ये डोंगराच्या कुशीतून वाफेचे स्फोट झाले. आएतांमध्ये काम करणाऱ्या एक ख्रिस्ती मिशनच्या सिस्टर होत्या, त्या काही आएतांना बरोबर घेऊन सरकारी ज्वालामुखी संस्थेत गेल्या आणि डोंगराची लक्षणं त्यांनी तिथे सांगितली. खेड्यातल्या माणसांचं बोलणं म्हणून अधिकाऱ्यांनी ते उडवून लावलं नाही, हे विशेष. संस्थेचे प्रमुख रेमुंडो पुनोंगबायान यांनी माणसं पाठवली, यंत्रं बसवली आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचीही मदत घेतली.

या मंडळींनी दोन गोष्टी शहाणपणाच्या केल्या. पहिली अशी, की इशाऱ्याची भाषा सोपी ठेवली. एक ते पाच असे आकडे. एक म्हणजे डोंगर थोडा अस्वस्थ, पाच म्हणजे उद्रेक सुरू. आकडा वाढला की किती किलोमीटरच्या आतल्यांनी निघायचं, हे ठरलेलं. दूध किती तापलंय ते वरच्या सायीवरून आपल्याला कळतं ना, तसं आकड्यावरून ज्याला त्याला कळावं.

दुसरी गोष्ट म्हणजे क्राफ्ट दांपत्याचा सिनेमा. त्याच्या व्हिडिओ कॅसेटच्या प्रती काढल्या आणि जागोजागी दाखवल्या. खेड्यांत दाखवल्या, शाळांत दाखवल्या, लष्कराच्या तळावर दाखवल्या, राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनाही दाखवल्या. हा डोंगर कधी पेटलेला कुणी ऐकलंय, म्हणणारे लोक आर्मेरोचं ओसाड मैदान पाहून गप्प झाले. अधिकाऱ्यांचं मन वळलं, बायाबापड्यांचंही वळलं. हजारो कुटुंबांनी बोचकी बांधली.

१५ जून १९९१ ला पिनाटुबो फुटला. विसाव्या शतकातला हा दुसऱ्या क्रमांकाचा मोठा उद्रेक. राखेचा स्तंभ ३५ किलोमीटरवर गेला. रुईसच्या मानाने कितीतरी पट भयंकर! आणि त्याच दिवशी तिथे चक्रीवादळही येऊन थडकलं. तरीही आर्मेरोची पुनरावृत्ती झाली नाही. वेळीच हललेल्यांपैकी निदान पाच हजार माणसांचे प्राण या सावधगिरीने वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सगळंच सुरळीत झालं असं मात्र नाही. काही शेकडा माणसं तरीही गेली. त्यातली बरीच छपरं कोसळून. वादळाच्या पावसाने छपरांवरची राख भिजली, जड झाली आणि घरं बसली. पुढे निर्वासितांच्या छावण्यांत गोवर, जुलाब आणि न्यूमोनियाने शेकडो जीव घेतले. त्यात आएतांची लहान मुलं फार, कारण त्यांना लशी टोचलेल्या नव्हत्या. डोंगरापासून वाचवलेलं मूल गोवराने जावं, यापरतं दुर्दैव कुठलं? संकटातून माणसं बाहेर काढली म्हणजे काम संपत नाही. लस, स्वच्छ पाणी, संडास आणि मुलांचं दूध यांची सोय आधीच लागलेली हवी. ही गोष्ट कुठल्याही गृहिणीला चटकन कळेल. ती कागदावर मांडणाऱ्यांनाच उशिरा सुचते.

पुढची कितीतरी वर्षं पावसाळा आला की राखेचा चिखल नद्यांतून खाली येत राहिला. बाकोलोर गावातलं जुनं चर्च १९९५ साली त्यात निम्मं गाडलं गेलं. गावकऱ्यांनी ते सोडलं नाही. जिथे खिडक्या होत्या, तिथून आता दारासारखं आत जातात.

ही राख चुलीतली नव्हे

राखेबद्दल दोन शब्द वेगळे सांगायला हवेत, कारण ‘राख’ म्हटलं की आपल्याला भांडी घासायची राख आठवते. ती मऊ, हलकी, लाकूड जळून झालेली. ज्वालामुखीची राख म्हणजे दगडाची आणि काचेची बारीक पूड. ती पाण्यात विरघळत नाही. डोळ्यांत गेली तर खुपते, छातीत गेली तर खोकला आणि दमा उसळतो. भिजली की तिचं वजन जवळजवळ दुप्पट होतं. म्हणून राख पडत असताना तोंडानाकाला फडकं किंवा मास्क बांधायचा, दारंखिडक्यांच्या फटीत ओले टॉवेल लावायचे, पिण्याचं पाणी झाकायचं आणि तान्ह्यांना घराबाहेर काढायचं नाही. झाडलोट करताना आधी हलकं पाणी शिंपडायचं, म्हणजे ती उडत नाही. मात्र गटारात लोटायची नाही, तिथे ती सिमेंटसारखी बसते.

पण नदीकाठी राहणाऱ्याला ‘घरातच थांबा’ हा सल्ला पुरत नाही, हे आर्मेरोने शिकवलं. राखेसाठी घर बरं, चिखलासाठी उंच टेकडी बरी. कोणता धोका आपल्या वाटेवर आहे ते आधी माहीत असेल तरच कोणता सल्ला ऐकायचा ते कळेल. धोके समजून घ्यायचे ते एवढ्यासाठी.

आपला काय संबंध?

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण आपल्याकडे कुठे आहे ज्वालामुखी? जिवंत ज्वालामुखी भारतात एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथे माणूसवस्ती नाही. लोणारचं सरोवर पुष्कळांना ज्वालामुखीचं वाटतं, पण ते उल्का आदळून झालेलं आहे. महाराष्ट्रात ज्वालामुखी पेटण्याची भीती नाही, तेव्हा निर्धास्त असा.

तरीही ज्वालामुखी आपल्या घरातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच दगडात कोरलेली. मुंबईत अंधेरीला गावदेवीचं देऊळ माथ्यावर घेऊन उभी असलेली गिल्बर्ट हिल त्याच काळातली. आपल्या माजघरातला पाटा-वरवंटा त्याच काळ्या पाषाणाचा. आणि वऱ्हाडातली कापसाची काळी माती त्याच दगडाची झीज होऊन झालेली. आर्मेरोच्या बाईचा कापूस आणि आपल्या बाईचा कापूस, दोन्ही डोंगराच्या आगीचं देणं!

याच डोंगरांच्या उतारांवर पावसाळ्यात वेगळा धोका असतो. काळ्या दगडावर झिजलेल्या मातीचा जाड थर बसलेला असतो. संततधार लागली की तो पाण्याने जड होतो आणि खाली घसरतो. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गाडलं गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. नेहमीचं गाव दिसेना, हे पहिल्यांदा लक्षात आलं ते एस.टी.च्या चालकाच्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर तीच पाळी आली. इथे ज्वालामुखी नव्हता, पण आर्मेरोसारखाच रात्रीचा अंधार, तसाच पाऊस आणि घरात झोपलेली मुलं होती. उताराला नव्या भेगा पडणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं, घराची दारं घट्ट बसू लागणं ही डोंगर सरकू लागल्याची लक्षणं आहेत. तुमचं माहेर किंवा सासर घाटमाथ्याला, कोकणात असेल, तर ही चार लक्षणं पत्रातून नाहीतर फोनवरून जरूर कळवा.

शिवाय आज आपली मुलं जगभर आहेत. कितीतरी मराठी घरांतली मुलगा-सून, लेक-जावई अमेरिकेत सिॲटलच्या बाजूला नोकरीला आहेत. तिथल्या रेनियर या बर्फाच्या डोंगराच्या पोटातही ज्वालामुखी आहे. त्याच्या खालच्या ऑर्टिंगसारख्या गावांत चिखलाच्या लोंढ्याची सूचना देणारे भोंगे बसवलेले आहेत आणि शाळेतली मुलं रांगेने उंच जागी चालत जाण्याची तालीम करतात. मार्च २०२४ मध्ये तर हजारो मुलांनी एकाच दिवशी ही तालीम केली. या तयारीमागे आर्मेरोचा धडा आहे.

खुद्द रुईसच्या पायथ्याशीही आता कायमची वेधशाळा आहे. २०२३ च्या मार्चअखेर डोंगर पुन्हा अस्वस्थ झाला तेव्हा सरकारने नारिंगी इशारा दिला आणि जवळच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांना हलायला सांगितलं. गुरंढोरं सोडून जायचं कसं, म्हणून पुष्कळांचा पाय निघेना. यात नवल नाही, आपणही तेच केलं असतं. गोठा आणि घर यांचा विचार ज्यात नाही, तो इशारा अपुरा, एवढंच यातून शिकायचं. जूनअखेर डोंगर निवळला आणि इशारा उतरवला.

एवढं लक्षात असू द्या

• बाली, जपान, हवाई, सिसिली अशा ज्वालामुखीच्या प्रदेशात सहलीला निघालात, तर हॉटेलचं भाडं विचारता तसं हेही विचारा: सध्या डोंगराचा इशारा कितव्या पायरीवर आहे, आणि कुठपर्यंत जायला मनाई आहे? मनाईच्या रेषेपलीकडे नेणारा स्वस्तातला वाटाड्या घेऊ नका.

• मुलं परदेशी राहत असतील, तर त्यांचं घर नदीच्या खोऱ्यात आहे की उंचावर, शाळेची जमण्याची जागा कोणती, हे एकदा विचारून ठेवा. काळजीच्या वेळी फोन लागत नाहीत.

• गावात घर बांधायचं, जागा घ्यायची, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारा: इथे पूर्वी कधी पाणी, माती, दगड आले होते का? शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट जुनी नसते.

• सरकारी इशारा समजला नाही तर गप्प बसू नका. ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे, तहसील कचेरीत जाऊन विचारा: म्हणजे नेमकं काय होणार, किती वेळ हाती आहे आणि आम्ही कुठे जायचं? या तीन प्रश्नांची उत्तरं घराघरांत पोचल्याशिवाय इशारा पुरा होत नाही.

• धोका टळला आणि उगाच धावपळ झाली असं वाटलं, तर सांगणाऱ्याला हसू नका. पुढच्या वेळी त्याने सांगायला कचरू नये.

• मुलांच्या लशींची नोंद, औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत ठेवा. छावणीत सगळ्यात आधी त्यांचीच गरज लागते.

• आणि मुलं भूगोलाच्या वहीत ज्वालामुखी काढत असतील, तर त्या शंकूच्या पायथ्याशी एक नदी, एक गाव आणि गावातून टेकडीकडे जाणारी वाटही काढायला सांगा. परीक्षेत त्याला गुण मिळणार नाहीत, पण चित्र पुरं होईल.